सील कुणी फोडलं?

कराडच्या हॉस्पिटलच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी लावून मी सीट मागे पाडतो. दुपारचे दोन वाजलेत. शिर्केआजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चार वाजता त्यांना आणि त्यांच्या मुलाला चिपळूणला घरी सोडायचंय. मध्ये कुंभार्ली घाट. तीन दिवसांत मिळून सात तास झोप झाली असेल, अंग नुसतं आंबून गेलंय. डोळा लागतो न लागतो तोच शेजारचं दार उघडून शिदूअण्णा आत बसतात.

अण्णांनीच मला गाडी शिकवली. ही गाडीही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हा त्यांनी आधी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग गेले. आता त्यांना बेल्ट लावा म्हणावं की नाही, मला कळत नाही.

"आईल बदललंस म्हणं, संपा."

"काल बदललं."

"कंचं?"

"तुमचंच, अण्णा. जाडवालं. तीन लाख किलोमीटर पळाल्याल्या इंजनाला पातळ चालत न्हाई, ठावं हाय की मला."

"मग रिकामा डबा कुठं हाय?"

आम्ही ड्रायव्हर रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडूनच तो टाकतो. नाहीतर कुणीतरी त्यात जळकं ऑइल गाळून भरतं आणि नवं म्हणून विकतं. काल मी डबा दुकानातच सोडला. दुकानदार ऑइल ओतत होता आणि मी उभ्या उभ्या पेंगत होतो.

"सील कुणी फोडलं?"

"मीच की."

मेलेल्या माणसाशी खोटं बोलतोय. लाज वाटते.

अण्णा बॉनेट उचलतात. आम्ही घाटात उभे आहोत, खाली सगळं धुकं. इंजिनाच्या जागी शिर्केआजी बसल्यात, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी.

"निघायचं का रे बाबा?" त्या विचारतात.

अण्णा त्यांच्या शेजारून ऑइल तपासायची डिपस्टिक ओढतात. माझा हात धरून अंगठ्यावर थेंब पुसतात.

"चोळ."

मी चोळतो. ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं, जळका वास येतो.

"लई दमलोवतो, अण्णा."

"ठावं हाय. मी बी दमलोवतो त्या दिवशी. कुणाला बोललो न्हाई."

मला रडू येतं. अण्णा माझा हात सोडत नाहीत.

काचेवर टकटक होते. आजींचा मुलगा वाकून बघतोय. त्याचं कोपर धरून आजी उभ्या आहेत.

"निघायचं ना, दादा?"

मी उठून बसतो. अंगठ्यावर काळा डाग आहे, अजून ओला. कालपासून मी बॉनेट उघडलेलं नाही. किल्लीकडे गेलेला हात मी मागे घेतो आणि खाली उतरतो.

"या गाडीतनं नको. मी दुसरी बोलावतो," मी आजींना म्हणतो. "काल आईल भरताना सील मी बघितलंच नव्हतं."