गप्प बसलं म्हणजे नापास

भोरच्या एसटी स्टँडवर मी आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. बहुतेक माणसं पत्रक घेतात, घडी घालतात आणि पुढच्या क्षणी त्यावर वडापाव ठेवतात. एका बाईंनी मात्र ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, पर्समधून मोबाईल काढला आणि खाली छापलेला नंबर माझ्यासमोरच लावला. मी म्हटलं, "अहो, मी इथंच आहे, काय ते मला विचारा." त्यांनी हातानंच मला थांबवलं. रिंग वाजत राहिली. संघटनेच्या कार्यालयात त्या वेळी कुणी नसायचं.

"उचलत नाही कुणी. 'अडचण आली तर फोन करा' असं छापलंय तुम्ही. आली अडचण, केला फोन. आता?"

"आता मला राग आलाय," मी म्हटलं.

"बरं झालं. राग आलेला माणूस दुरुस्ती करतो. लाजलेला नुसता सारवासारव करतो." एवढं बोलून त्या चालूही लागल्या. मी पत्रकं काखेत मारून त्यांच्यामागं धावले. उज्वलामावशींच्या मागं धावायची ती पहिली वेळ. पुढं ती सवयच झाली, कारण ही बाई एका जागी बसायचीच नाही.

मावशी मूळच्या मार्गासनीच्या शेतकरी घरातल्या. शिकल्या, पुण्यात संगणकाच्या नोकरीत वर्षं काढली, नवरा गेल्यावर भोरला दोन खोल्यांत येऊन राहिल्या आणि घरूनच काम करू लागल्या. त्यांची भाषा पर्ल. ही संगणकाला काम सांगायची एक जुनी भाषा. आजकालची पोरं तिचं नाव काढलं की हसतात. मावशींना त्याचं काही नव्हतं. "हसू देत. त्यांचं नवं कोरं चाललंय का ते विचार. आणि 'चालतंय' म्हणाले, तर कुणी तपासलं ते विचार."

हा तपासण्याचा रोग त्यांच्या हाडात होता. पर्लवाल्यांची एक रीत आहे. प्रोग्रॅम लिहिला की त्याला प्रश्न विचारणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. पुष्कळदा हा दुसराच आधी लिहितात. तो चालवला की पडद्यावर ओळी येतात: ओके, ओके, नॉट ओके. पण त्याहीआधी, सगळ्यात वरच्या ओळीत, आपण किती प्रश्न विचारणार ते जाहीर करायचं. तेवढी उत्तरं आली नाहीत, प्रोग्रॅम मधेच मेला, तर आलेली सगळी उत्तरं बरोबर असली तरी निकाल नापास. मावशी म्हणायच्या, "किती तपासणार ते आधी सांगायचं. नंतर सांगणारा चोर. आणि गप्प बसलं म्हणजे नापास." हे वाक्य मी सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर रंगवायला तयार होते.

मार्गासनीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. मंडपवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, लाईट गेली तर जनरेटर हाय, तुमी काळजी करू नका." मावशींनी मुहूर्ताच्या आधी जाऊन मेन स्विचच खाली ओढला. मंडप काळोखा, सनई बंद, जनरेटर मुका. मोठे बंधू धावत आले. "उज्वले, आगं लग्न हाय का परीक्षा?"

"परीक्षा आत्ता झाली, दादा. लग्न नंतर लावा. डिझेल आणायला पाठवा कुणाला तरी."

घरातले त्यांना लग्नकार्यात बोलवायला भ्यायचे. आणि न बोलवायलाही भ्यायचे.

पर्लवाल्यांचं एक सामाईक कोठार आहे, सीपॅन नावाचं. कुणीही आपला प्रोग्रॅम त्यात टाकावा. मग जगभरातली अनोळखी माणसं, कुणी सांगितलेलं नसताना, तो आपापल्या मशीनवर तपासतात आणि पास-नापास कळवतात. मावशींनी देवनागरी आकडे वाचणारा एक तुकडा तिथं टाकला होता. एकदा मी गेले तर बाई खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या, चेहरा उजळलेला. मला वाटलं बक्षीस लागलं.

"नापास आलाय! कुठल्या तरी परक्या मुलखातल्या माणसाच्या जुन्या मशीनवर. मी जन्मात गेले नसते तिथं. असल्या माणसाला घरी बोलावून पुरणपोळी घालावी."

आमच्या संघटनेत कुणी चूक दाखवली की त्याला फितूर म्हणतात.

त्यांना हिर्डोशीकडं मी ओढलं. हिर्डोशी वरंध घाटाच्या वाटेवर. गावाच्या वर डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे आणि वाडीच्या डोक्यावरच्या उतारालाच भेगा पडलेल्या. आम्ही अर्ज केले, मोर्चा नेला, साहेबांना भेटलो. दर वेळी एकच उत्तर: पाहणी चालू आहे. दरड काय पाहणी संपायची वाट बघणार? शेवटी ठरलं, आपणच करू. हिर्डोशीच्या शाळेवर पाऊस मोजायचं यंत्र, त्याला जोडलेला छोटा संगणक, पाऊस हद्दीबाहेर गेला की वाडीतल्या मोबाईलवर निरोप आणि वाडीच्या देवळावरच्या भोंग्याला हुकूम. प्रोग्रॅम मावशींचा. एका पैशाची अपेक्षा नाही. "फक्त उद्घाटन नको," एवढीच अट.

उद्घाटन झालंच. आमचे संघटनेचे अध्यक्ष आणि तालुक्याचे साहेब, दोघांनाही हार हवे होते. आभाळ दाटलेलं, शाळेच्या ओसरीत खुर्च्या मांडलेल्या. मावशींनी सगळ्यांसमोर तपासणी चालवली. ओके, ओके, ओके. खाली शेवटची ओळ: पास. टाळ्या पडल्या. साहेब हार घालून घ्यायला वाकलेसुद्धा.

"थांबा," मावशी म्हणाल्या. त्या पडद्याला नाक लावून बघत होत्या. "नापास आहे."

"मॅडम, इथं पास लिहिलंय."

"लिहिलंय. खोटं लिहिलंय. मीच लिहून ठेवलंय."

झालं होतं असं, की 'निरोप वाडीत पोचतो का' ही तपासणी लिहिताना मावशींनी पर्लवाल्यांच्या नेहमीच्या सवयीनं एक सूट ठेवली होती: रेंज नसेल तर हा प्रश्न सोडून द्या. संगणकावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नाही. नेटवर्कच नाही, तर प्रोग्रॅमला कशाला दोष द्या? भोरच्या त्यांच्या घरी रेंज कधी जायची नाही, त्यामुळं तो प्रश्न रोज विचारला जायचा. हिर्डोशीत ढग उतरले, रेंज गेली, आणि जो प्रश्न विचारण्यासाठी हा सगळा खटाटोप होता तोच प्रश्न गुपचूप वगळला गेला. आणि सोडून दिलेला प्रश्नही मोजताना ओकेच धरला जातो. खाली लिहून आलं: पास.

"ज्या दिवशी दरड येईल त्या दिवशी रेंज नसणार," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "म्हणजे नेमक्या त्याच दिवशी माझा प्रोग्रॅम म्हणणार, सगळं झकास आहे. हार काढून ठेवा."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मावशींना मीच जन्म दिला होता. साहेबांना तर सुटल्यासारखं झालं. "मॅडम स्वतःच नापास म्हणतायत, मग आम्ही यात कसं पडणार?" गाडी निघून गेली. परतीच्या एसटीत मी मावशींवर तुटून पडले. "हळूच दुरुस्त करता आलं नसतं? आता तो माणूस परत फिरकेल का इकडं?"

"घोषणाबाई," त्या म्हणाल्या. लाडात आल्या की मला त्या घोषणाबाई म्हणायच्या. "वाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, बघितलंस? ती आज निर्धास्त झोपली असती. मला ते चालणार नव्हतं." आणि लगेच खिडकीच्या काचेवर बोटानं काहीतरी आकृत्या काढायला लागल्या.

नवी रचना साधी होती. शाळेतल्या संगणकानं भोंग्याला मोबाईलच्या नेटवर्कवरून थोड्या थोड्या वेळानं 'मी आहे' एवढाच निरोप द्यायचा. निरोप थांबला, की भोंगा आपणहून वाजणार. म्हणजे कुणी मधेच गप्प झालं तर ते नापास, हाच त्यांचा जुना कायदा त्यांनी भोंग्याला लावला. आता रेंज गेली की भोंगा बोंबलायचा. वाडीचे कोंडिबाआबा फोनवर खेकसायचे, "ओ मावशी, ह्यो भोंगा हाय का येडं कोंबडं? आमी जेवायचं का न्हाई? लई झालं आता, मी वायर उपटतो बगा!"

"उपटू नका, आबा. खोटं वाजलं तर मला शिव्या द्या, मी ऐकते. खरं असताना गप्प बसलं, तर शिव्या द्यायला तुम्ही राहाल का?"

आबांनी शिव्या दिल्या. वायर ठेवली.

श्रावणात एका दुपारी भोंगा वाजला. रेंज गेली होती, दुसरं काही नाही. माणसं कुरकुरत, भाताची ताटं तशीच टाकून खाली शाळेत आली. संध्याकाळच्या आत उतार सुटला. गोठे गेले, दोन घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

मी ओरडतच मावशींच्या घरी गेले. "सगळे वाचले! सगळे!"

मावशी खुर्चीतून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. "आबांची आई कशी आली खाली? ती तर उठू शकत नाही."

"घोंगडीची झोळी करून. चौघांनी आणली. पायवाट निसरडी, दोनदा पडले म्हणे. शाळेत पोचले आणि मागं आवाज झाला."

"म्हणजे जरा उशीर झाला असता, तर पाच जणं गेली असती."

मला एवढा राग आला! एक दिवस आनंदात राहता येत नाही का या बाईला? पण त्या टेबलाशी बसल्या होत्या. पर्लमध्ये आणखी एक सोय आहे. जे अजून जमलेलंच नाही, त्याचीही तपासणी लिहून ठेवायची आणि त्यावर 'टूडू', म्हणजे 'करायचं बाकी', अशी खूण करायची. ती नापास झाली तरी एकूण निकाल बिघडत नाही, पण त्यांच्या पडद्यावर ती ओळ दर वेळी उमटायची. मावशींनी माझ्यासमोर लिहिलं: अंथरुणावरचं माणूस वाडीतून वेळेत खाली येतं. टूडू. वाडीपर्यंत रस्ता. वाडीनं अधूनमधून सराव करायचा, त्यात झोळीला लागलेला वेळ आबांनी फोनवर कळवायचा, तो आत घालायचा, तपासणी चालवायची. नॉट ओके. नॉट ओके.

"हे प्रोग्रॅमनं होणारं काम नाही," त्या म्हणाल्या. "हे तुझं. पण मोजणार मी."

माघात मावशी गेल्या. सकाळी चहा टाकला होता, तो उकळत राहिला आणि त्या ओट्यापाशीच कोसळल्या. शेजारणीला भांडं जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. त्यांच्या मुलीनं लॅपटॉप माझ्याकडं दिला. तपासणी चालवायला आणि तिच्यात नवी ओळ घालायला मावशींनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. चालवायला एकच हुकूम असतो, तो घोषणाबाईलाही येतो.

शोकसभा भोरच्या वाचनालयात झाली. साहेब आले. अध्यक्ष आले. हिर्डोशीहून आबा आणि वाडीची मंडळी आली होती. साहेब गहिवरून बोलले. मावशींमुळं वाडी आता पूर्ण सुरक्षित झाली, हा प्रयोग शंभर टक्के यशस्वी आहे, शाळेवर त्यांच्या नावाची पाटी लावू. टाळ्या पडायला लागल्या.

मी उठले. भाषण लिहून आणलं होतं, ते पिशवीतच ठेवलं. लॅपटॉप उघडून पडद्याला जोडला आणि आबांना विचारलं, "परवाच्या सरावात आईला खाली आणायला किती वेळ लागला?" आबांनी सांगितला. मी तो आत घातला आणि हुकूम दिला. ओके, ओके, ओके अशा ओळी सरकत गेल्या. शेवटी एक नॉट ओके. त्याखाली निकाल: पास.

"झालं की मग," साहेब पुढं वाकून म्हणाले. "खाली पास लिहिलंय ना?"

"लिहिलंय. वरची ओळ वाचा."

त्यांनी वाचली. सावकाश, मोठ्यानं. मग विचारलं, "हे टूडू काय आहे?"

"तुमचं काम आहे, साहेब."

साहेबांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. पण तोवर मागच्या रांगेतून आबा उठले होते.

"बाईंना बोलू द्या की," आबा म्हणाले. "साहेब, आमी पाटी न्हाई मागितली. पाटीवरनं म्हातारीला खाली आणायची का?"

साहेब म्हणाले, प्रस्ताव पाठवू. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, लवकरच. मी म्हटलं, तारीख आधी सांगा. त्यांनी सांगितली नाही. मी तेही वहीत नाही, तिथंच, सगळ्यांसमोर, त्या तपासणीत नवा प्रश्न म्हणून लिहिलं, 'साहेबांनी रस्त्याची तारीख सांगितली', आणि चालवून दाखवलं. नॉट ओके.

वाडीची मंडळी निघाली, कारण हिर्डोशीची एसटी चुकली असती. गाडी त्यांना गावात सोडणार होती. तिथून वर चालत.