आजोबांचा घास

माझ्या भाचीचा अडीच वर्षांचा मुलगा काही म्हणजे काही खात नाही. रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले, तेव्हा तिने खास त्याच्यासाठी साजूक तुपातला शिरा केला होता. पठ्ठ्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. मग तिने चमचा शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे नेला. "नको ना तुला? आजोबांना देऊन टाकू?"

आजोबांना डायबेटीस. त्यांच्या ताटात भाकरी आणि कारल्याची भाजी. त्यांनी तोंड उघडलं. चमचा ओठांपर्यंत गेला आणि गर्रकन फिरून पोराच्या तोंडात शिरला. त्याने गपकन गिळलं. सगळे हसले.

वाटी संपत येईपर्यंत हेच चाललं. खेळ म्हणून उघडत असतील तोंड, असं मी मनाला सांगितलं. पण दर वेळी रिकामं तोंड मिटताना ते आवंढा गिळत होते.

मुलांना भूकच नसते, अशी आयांची तक्रार असते. भूक असते की! समोर कुणीतरी आशाळभूत लागतं, इतकंच. दुकानात दुसरीने उचललेली साडीच मलाही हवी असते.

शेवटच्या घासाला पोराने आईच्या हातातला चमचा ओढला आणि आजोबांपुढे धरला. "आजोबा, आ कला!" त्यांनी आ केला. पोराने चमचा फिरवून स्वतःच्या तोंडात घातला.

"अगंबाई, पहिल्यांदा आपल्या हाताने खाल्लं गं यानं!" भाची आनंदाने ओरडली.

आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, तेव्हा आजोबांचं तोंड अजून उघडंच होतं.