लातूरच्या खोलीतली शेगडी

मुलगी अकरावीला लातूरला आली तेव्हा मीही तिच्यासोबत आले. उमरीचं शेत आणि म्हशी नवऱ्यावर आणि सासूबाईंवर सोपवून आम्ही मायलेकींनी एका खोलीत बिऱ्हाड मांडलं. तिला डॉक्टर करायचं, हे घरात सगळ्यांनी ठरवलेलं होतं. तिला कुणी विचारलं होतं की नाही, आता आठवत नाही. त्या गल्लीत माझ्यासारख्या आया घरोघर होत्या.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. खोलीत गॅस ठेवायला त्यांची मनाई, म्हणून मी कॉइलची शेगडी घेतली. शेजारच्या खोलीत शिरूर अनंतपाळच्या एक बाई मुलाला घेऊन राहत होत्या. मी त्यांना अक्का म्हणायची. थंडीत त्या सकाळी रॉड लावून अंघोळीचं पाणी तापवायच्या.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि रोज सकाळी लाइट जायला लागली. बोर्डातला खटका आपोआप खाली पडायचा. घरमालकीणबाई जिन्यातूनच ओरडायच्या, "ताई, तुमची ती शेगडी बंद करा आधी!" मी गुमान बंद करायची आणि पोरगी शिळं खाऊन क्लासला जायची. मग बाईंनी वायरमन बोलावून खालच्या बोर्डावर एक छोटं मीटर बसवून घेतलं. वर व्होल्टेज दिसायचं, खाली करंट. कोण किती ओढतं ते त्यांना बघायचं होतं.

त्याच सुमारास पोरीचा विजेचा धडा चालू होता. चाचणीत तिला फार कमी मार्क पडले. पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसलेली दिसली.

"काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"व्होल्टेज आणि करंट दिलेला असतो, आई. पण भागायचं कधी आणि गुणायचं कधी, तेच कळत न्हाई. सूत्रं सगळी पाठ हायेत."

मी दहावी पास, तेही कधीकाळी. म्हटलं, "मला सांग बरं. मला अडाणीला कळंल असं सांग."

ती आधी वैतागली. मग म्हणाली, "व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध निघतो. म्हणजे कॉइल करंटला किती अडवते ते. आणि दोन्ही गुणले की वॅट. म्हणजे ती किती जोर लावते ते."

"मग आपली शेगडी किती जोर लावते?"

तिला माहीत नव्हतं. आम्ही दोघी उठलो. अक्कांना सांगून सगळं बंद केलं आणि एकटी शेगडी लावली. मीटरवर दोनशे वीस व्होल्ट आले आणि साडेचार अँपिअर. मी परातीतल्या पिठात बोटानं आकडे लिहिले, हिशोब तिनं केला. गुणाकार आला नऊशे नव्वद. तिनं शेगडी बंद केली, ती निवल्यावर उलटी करून पाहिली. खाली हजार वॅट लिहिलेलं होतं.

"आई, जमलं!" ती केवढ्यांदा ओरडली! भागाकार केला तर रोध एकोणपन्नास ओहमच्या आसपास आला.

मग अक्कांचा रॉड लावला. तो एकटाच नऊ अँपिअर ओढत होता. पोरीनं बोर्डातला खटका वाकून पाहिला. त्यावर दहाचा आकडा होता. तेवढ्यात घरमालकीणबाई खाली आल्या.

"काय झालं आता?"

"काकू, एकट्या शेगडीनं लाइट जात न्हाई," पोरगी म्हणाली. "एकट्या रॉडनंबी न्हाई. दोन्ही संगं लावले की साडेतेरा होतात, आणि हा खटका दहाचा हाय, त्याच्या वर गेलं की पडतो."

अक्का लगेच म्हणाल्या, "हाव की! मग मी पाणी आधी तापवून घेते. तुमची भाकरी मागून होऊ द्या."

बाईंनी वाकून मीटर पाहिलं. "बघा बाई, तुमचं तुम्ही. पण लाइट गेली नाही पाहिजे." त्या दिवसापासून सकाळची ओरड थांबली.

पुढे एका सकाळी भाकरी काही केल्या भाजेना. कॉइल नेहमीसारखी लाल होत नव्हती. मीटरवर एकशे नव्वद व्होल्ट.

"व्होल्टेज थोडंसंच तर उतरलंय," मी म्हणाले. "मग शेगडी एवढी का मंदावली गं?"

पोरगी दप्तर खांद्याला लावून दारात उभी होती. ती परत आली, मीटर वाचलं. तीन पॉइंट नऊ अँपिअर. परात ओढून तिनं स्वतःच पिठात मांडणी केली.

"रोध जवळजवळ तोच आला बघ," ती हळू म्हणाली. "कॉइल तीच हाय ना. व्होल्टेज उतरलं म्हणून करंटबी उतरला. आणि वॅट काढताना आपण ह्या दोघांचाच गुणाकार करतो. म्हणजे दोन्हीकडून मार बसतो, आई. व्होल्टेज सातवा हिस्सा गेलं, तर जोर चौथा हिस्सा गेला."

हे तिला पुस्तकात सापडलं नव्हतं, मी तर सांगितलंच नव्हतं. अर्धकच्ची भाकरी खाऊन ती उशिरा क्लासला गेली. मला त्या दिवशी लई बरं वाटलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे मार्क वाढतील ना?"

फिजिक्सचे वाढले. बायोलॉजीचे नाही. बारावीनंतरच्या परीक्षेत डॉक्टरकीला पुरतील एवढे मार्क आले नाहीत. पुन्हा एक वर्ष लातूरला बसायचं का, हे ठरवायला सासूबाईंसकट सगळे बसले तेव्हा पोरीनं सरळ सांगितलं, "मला फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचंय." नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "करू द्या. तिला त्यात गोडी हाय."

आता ती नांदेडला हॉस्टेलवर राहते. रविवारी फोन करते आणि आठवडाभर प्रॅक्टिकलला काय केलं ते सांगते. निम्मं मला कळत नाही. कळलं नाही की मी तिला थांबवते आणि पुन्हा सांगायला लावते.