सासूबाईंचा कौल

माझ्या सासूबाई मूळच्या कोकणातल्या. लग्नानंतर पन्नासेक वर्षं लखनौत काढली, भाजीला सब्जी म्हणू लागल्या, पण अडलं की देवाला कौल लावायचा ही सवय काही सुटली नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यापासून कुठली पडली ते बघायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या निवडणुकीच्या आधी त्यांनी फर्मावलं, "आरतीला आला होता ना, त्या उमेदवाराचा कौल लावू या." जानकीपुरममधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीला हे गृहस्थ फोटोग्राफर घेऊन आले होते आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करून गेले होते. माझं डोकंच फिरलं. मी रोज पूजा करते, देव मानते. पण माझी सगळी नोकरी औषधं तपासण्यात गेली. नुसत्या वेष्टनावर मी कधी भरवसा ठेवलेला नाही.

"आई, देवानं बुद्धी दिलीय ना? आधी ती वापरू, मग त्याला विचारू," मी म्हटलं. आता बोलणी बसणार असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "बरं. मग तूच वाच. मला कुठं दिसतंय?"

"मम्मी, इतना कौन पढ़ता है यार?" असं म्हणत मुलीनं सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं मला मोबाइलवर उतरवून दिली. रोज दुपारचा चहा झाला की मी वाचायचे आणि सासूबाई ऐकायच्या. शिवाय सब्जीवाल्या भैयाला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारून यायचे, की नाला तुंबला तेव्हा कोण आलं होतं, कोण नुसतं हात जोडून गेलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवलं. "त्या आरतीवाल्याचं वाचताना तुझा आवाज का चढतो गं? आणि मास्तरांचं आलं की अगदी मऊ होतो." मास्तर म्हणजे कॉलेजात शिकवणारे एक उमेदवार, माझ्या पसंतीचे. "आरतीवाल्यावर दोन खटले आहेत म्हणालीस. कसले, ते नाही सांगितलंस."

नव्हतंच सांगितलं. दोन्ही खटले रास्ता रोकोचे होते, आमच्याच भागात पाणी तुंबलं तेव्हाचे. ती ओळ मी गिळली होती. मागच्या वेळी हरल्यावर मास्तर इकडे फिरकलेसुद्धा नाहीत, हे सब्जीवाल्यानं सांगितलं होतं. तेही मी घरापर्यंत आणलं नव्हतं. खोटं एक अक्षर बोलले नव्हते, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना दिसत नाही त्यांना मी माझ्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवत होते. त्या संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, रेडिओवर बातम्या देतात तसं, सपाट आवाजात.

मतदानाच्या सकाळी मी आपणहून पाकळ्या भिजवून ठेवल्या.

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आता माझं मला कळलंय. उगाच देवाला कशाला त्रास?"

केंद्रावर आधी मी माझं मत दिलं. मग त्यांच्या वतीनं बटण दाबणारी सोबतीण म्हणून माझ्या उजव्या हाताच्या बोटालाही शाई लागली. त्यांचं मत गुप्त ठेवीन असं लिहून दिलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांनी माझ्या कानात एक नाव सांगितलं. लिहून दिलंय म्हणून ते इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते, की ते मला नको असलेलं नाव होतं, आणि माझा हात थांबला.

खरंच थांबला. दुसरं बटण दोन बोटांवर होतं. काचेमागे काही सेकंद चिठ्ठी दिसते, तीही त्यांना दिसणार नव्हती. कुणाला कधीच कळलं नसतं. माझ्या मनात पाप आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी माझा दंड धरला होता, रस्ता ओलांडताना धरतात तसा. मी त्यांनी सांगितलेलं बटण दाबलं. यंत्राची लांब शिटी वाजली आणि आम्ही बाहेर आलो.

परतताना ई-रिक्षात मी वाट बघत होते, आता त्या विचारतील, मग विचारतील. त्या आपल्या रिक्षावाल्याला झापत होत्या, "भैया, दोपहर होने को आई, अभी तक वोट नहीं डाला?" शेवटी मलाच राहवेना.

"आई, तुम्ही सांगितलंत तेच दाबलं हं."

त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"मग? दुसरं काय दाबणार होतीस?"