अर्ध्या खाटेची वाटेकरीण

आमच्या समोर, जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या कांडीवालीला नवरा नव्हता, पण तिची खाट कधी गार पडली नाही. भुवया उडवू नका, सांगते. ती गिरणीत दिवसपाळीला सुताच्या कांड्या भरायची आणि त्याच यंत्रावर रातपाळीला दुसरी एक बाई. घराच्या मालकीणबाईंनी दोघींना मिळून एकच खाट भाड्याने दिलेली. एक कामावर गेली की दुसरी येऊन पडायची. यंत्राला विसावा नाही, तसा गादीलाही नाही. भोंगा झाला की गिरणीच्या फाटकात ही एवढी रेटारेटी. त्यात दोघींची धड तोंडओळखही झाली नाही.

कांडीवाली म्हणायची, "काकू, मी तिला गादीतल्या खड्ड्यावरून ओळखते. उजव्या कुशीवर झोपते. आणि खोकते फार, उशीवर कापसाची तुसं पडलेली असतात."

खोकेल नाहीतर काय! धागा तुटू नये म्हणून गिरणीच्या खिडक्या खिळे मारून बंद, वरून वाफ सोडलेली. बायका बाहेर यायच्या त्या भुवयांवर कापूस घेऊन. मी चिडवायची, "सकाळी सुना होऊन जाता, संध्याकाळी सासवा होऊन येता गं!"

एका सकाळी कांडीवाली यंत्रापाशी गेली, तर तिथे तिसरीच उभी. रातवाली काम करता करता कोसळली होती. तिला मागच्या दाराने बाहेर काढलं, तेव्हा जीव उरला नव्हता. तेवढ्यात ही तिसरी जागेवर उभी केली. एकही धागा तुटला नाही, असं मुकादम कौतुकाने सांगत होता.

कांडीवालीच्या पायाखालची जमीन सरकली. मालकीणबाई खाट द्यायच्या ती जोडीलाच. एक गेली की दुसरीनेही गाशा गुंडाळायचा. बाहेर नव्या जोड्या ताटकळत असायच्याच. यंत्रावरच्या नव्या बाईला स्वतःचं घर होतं. आणि मालकीणबाईंना फसवणं सोपं नव्हतं. संध्याकाळी भोंगा झाला की त्या खोलीखोलीत शिरून गोधडीखाली हात घालायच्या. गादी गरम, म्हणजे भाडेकरीण जागेवर.

त्या संध्याकाळी मालकीणबाई परगावी होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता ती माझ्या दारात आली. "काकू, जोडीदारीण मिळेपर्यंत तोंड उघडू नका. हवं तर पाया पडते."

"माझ्या पोटात काही राहत नाही, हे ठाऊक असून मलाच सांगतेस? बरं, त्या हाताचं काय करशील?"

"संध्याकाळी एक वीट तापवून गोधडीखाली ठेवाल?"

दिवसभर मी दारात गोणपाट शिवत बसले होते. त्या खोलीत चिटपाखरू शिरलं नाही. वीट चुलीत होती, तेवढ्यात भोंगा झाला आणि मालकीणबाई सगळ्यात आधी त्याच खोलीपाशी हजर! त्या आत गेल्या आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. एवढ्यात कांडीवाली पोचली.

"तुझ्या रातवालीला ताप आहे की काय गं? गादी नुसती भाजतेय!" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

कांडीवालीने मला हात जोडले. "काकू, उपकार झाले."

"कसले उपकार? वीट अजून चुलीत आहे."

"पुरे झाली थट्टा!" ती हसत आत शिरली. मी जन्मभर ज्याची त्याची खोडी काढलेली, मग माझं खरं कोण मानणार? पण तिचं हसू मध्येच थांबलं. मी डोकावले. गादीत उजव्या अंगाला खड्डा होता. उशीवर तुसं होती, ओली.

खाट तर वाचली. मालकीणबाई रोज हात घालतात आणि खूश होऊन जातात. जोडीदारीण शोधायचं कांडीवालीने सोडून दिलं. पण ती झोपते उंबऱ्याशी, अंगाचं मुटकुळं करून. परवा मला राहवलं नाही.

"अगं, अख्खी खाट तुझी झाली की! खाली का लोळतेस?"

"माझी कुठली, काकू? भोंगा झाला तरी ती उठत नाही. कशाला उठेल? तिला आता कामावर जायचंय थोडंच?" मग मागे वळून बघत ती पुटपुटली, "हळू बोला ना. आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."