पाच वटवाघळांचं धूपपात्र

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो, पण मनुरेवा या उपनगरातल्या त्या चिनी आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. पुण्याहून येऊन मी न्यूझीलंड पोलिसात दाखल झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं त्याच भागात काढली. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत शिफ्ट सुरू व्हायची, मग चहा, मग आलेल्या तक्रारी. ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं.

आजींच्या घरातून ब्राँझचं जुनं धूपपात्र गेलं होतं. तीन पायांचं, सोन्याचा मुलामा दिलेलं, गळ्याभोवती पाच वटवाघळं कोरलेली.

"आमच्याकडे वटवाघूळ अशुभ मानतात," मी म्हणालो.

"आमच्याकडे भाग्याचं," आजी म्हणाल्या. "नवऱ्याच्या पणजोबांपासून घरात आहे ते."

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

दार-खिडकी काहीच फोडलेलं नव्हतं. संशय स्वयंपाकघराचं काम करणाऱ्या सुतारावर गेला. त्याचा जबाब चालू असतानाच 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा फोन आला. आम्ही पाठवलेलं वर्णन त्याने वाचलं होतं आणि तसंच पात्र त्याच्याकडे विकायला आलं होतं.

"आणणारा काय म्हणाला?"

"एका वटवाघळाचा मुलामा उडालाय. विचारलं तर म्हणाला, वडील रोज उदबत्ती लावताना त्यावर अंगठा फिरवायचे."

हे घरातल्याच माणसाला माहीत असणार. सुताराची माफी मागून त्याला जाऊ दिलं आणि आजींच्या एकुलत्या मुलाला बोलावून घेतलं.

पन्नाशीचा तो माणूस चौकशीच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसला.

"पैशांसाठी नाही केलं," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून आई त्या भांड्याशीच बोलते. मी रोज जातो, समोर बसतो. ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

आजींनी तक्रार मागे घेतली. मुद्देमाल परत करायला मी गेलो, तेव्हा मुलगा बरोबर होता. मी पात्र टेबलावर ठेवलं, पण आजींनी त्याला हातही लावला नाही. मुलाकडेच बघत राहिल्या.

"तू दिसतोस अगदी बाबांसारखा," त्या म्हणाल्या. "म्हणून बघवत नव्हतं."

मग उदबत्ती पेटवून त्यांनी ती मुलाच्या हातात दिली.

त्यानंतर घरातून काही चोरीला गेल्याची तक्रार आली, की वस्तूची किंमत विचारण्याआधी मी विचारायचो, सध्या घरात कोण कोणाशी बोलत नाही?