रेस दिली की बंद!

गॅरेजच्या मागे जुने टायर साठतात ना, तसे किस्सेही साठत जातात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण फेकवतही नाहीत. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात मी कारंज्याला मास्तर होतो. शाळा सुटली की हायवेवरच्या नामदेवभाऊंच्या गॅरेजात जाऊन बाकावर बसायचो. माझ्याकडे सायकलशिवाय काही नव्हतं! पण तिथला चहा आणि गप्पा, दुसरीकडे जायची गरजच वाटायची नाही.

भाऊंकडे येणारी तक्रार बहुतेक एकच. "भाऊ, उभी असली तं मस्त चालते. रेस दिली की बंद!"

गाडीकडे न बघताच भाऊ म्हणायचे, "कार्बोरेटर!"

*

एकदा आर्वीच्या एका डॉक्टरांची अँबेसिडर आली. कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलले, तरी रेस दिली की खोकून बंद. भाऊ वैतागले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "ते वरचं डबडं उघडा बरं."

एअर फिल्टर उघडला, तर आत कापूसच कापूस! गाडी रोज जिनिंगच्या भिंतीला लागून उभी राहायची.

"छाती भरली होती," डॉक्टर म्हणाले.

भाऊ उखडले, "सायेब, केस तुमच्याच लाईनची होती. मंग मह्याकडे काऊन आणली?"

*

आमच्या बाकावरचा दुसरा कायमचा माणूस म्हणजे बबन. आष्टीच्या रस्त्यावर सवारी जीप चालवायचा. त्याची जीप एका चढावर हमखास बंद पडायची. सवाऱ्या उतरायच्या, निंबाखाली नारळ फोडायच्या, की लगेच चालू! चढावर भूत आहे, असं ठरूनच गेलं.

भाऊंनी पेट्रोलची टाकी उतरवली. आत एक बंडी पोहत होती! झाकण हरवलं म्हणून बबननं हाताला लागेल त्या कपड्याचा बोळा कोंबला होता, तो आत पडला. रेस दिली की तोच नळीच्या तोंडाला चिकटायचा, अन् जीप थांबली की सुटायचा.

"तरीच म्हणलं, माही बंडी कुठं गेली!" बबन म्हणाला.

लोक मात्र पुढंही नारळ फोडत राहिले. जीप आता बंद पडत नाही म्हणून!

*

एका लग्नात नवरदेवाची गाडी गॅरेजसमोरच रुसली. हळू चालायची, रेस सोसायची नाही. मुहूर्त जवळ आलेला, खोलायला वेळ नाही.

"बँडवाल्याईले बोलवा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, मांडव तं लय लांब आहे!" एक वऱ्हाडी म्हणाला.

"असू द्या. ही गाडी आज वरातीच्याच चालीनं चालते!"

नवरदेव वाजतगाजत वेळेत पोचला. बँडवाले मांडवात आडवे झाले.

*

आणि हा किस्सा माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माचा. मायलेकी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

भर दुपारी माझ्या बायकोला, शालिनीला, कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "लेकरू आडवं आहे, आर्वीले न्या!" बबननं जीप काढली. गॅरेजपर्यंत आलो, त्यानं रेस दिली आणि बंद! शालिनीनं माझा हात असा धरला की तिची बांगडीच फुटली.

भाऊ धावत आले. पेट्रोलची नळी सोडून बबनला स्टार्टर मारायला लावला. पेट्रोल नुसतं ठिबकत होतं.

"टाकीतून पेट्रोल ओढते त्या पंपाचा पडदा फाटला. हळू चालाले पुरते, रेस दिली की पेट्रोलच पोचत नाई."

"मंग आता?" बबन रडकुंडीला आला. नवा पंप नागपूरशिवाय मिळणार नव्हता.

भाऊंनी बॉनेटच काढून ठेवलं. मडगार्डवर बसले, पेट्रोलचा डबा डोक्याच्या वर धरला आणि त्यातून रबरी नळी थेट इंजिनाला जोडली.

"चाल बबन! अन् पहिले तोंडातली बिडी फेक!"

जीप पळाली. खड्डा आला की पेट्रोल भाऊंच्या अंगावर. एक हात भरून आला की दुसरा. मी मागून ओरडायचो, "भाऊ, धरून बसा!"

"तुमी वहिनीले धरा, मास्तर!"

दवाखान्याच्या दारात जीप थांबली. नर्सबाई स्ट्रेचर घेऊन धावत आल्या. समोर भाऊ. तोंड काळंठिक्कर, कपडे ओलेचिंब, डोळे लाल, अन् एक हात वरच ताठलेला. बाईंनी स्ट्रेचर सरळ भाऊंकडेच वळवलं. "यांना घ्या आधी! काय झालं यांना?"

"मले काई नाई झालं, बाई!" भाऊ ओरडले. "पेशंट मांगं आहे. मी पेट्रोल पंप आहो!"